कोऱ्या नाण्यांचा खण

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग हा केवळ लेखी आहे, हे तू ओळखलंच असशील. आठांपैकी गुडघे हे अंग हल्ली सहकार्य करत नाही.

पाकिटावरचं अक्षर बघून हे न फोडताच फेकायच्या बेतात असशील, तर जरा थांब. भांडणाचं पत्र नाही. बाबा गेल्यापासून आपण एकमेकांशी बोललो नाही, आणि हा नेम मोडायचा माझाही काही विचार नव्हता. एखादी गोष्ट इतकी वर्षं निष्ठेने पाळली की तिच्याबद्दल जिव्हाळा वाटायला लागतो. पण घरात एक प्रकार घडला आहे, आणि तो सांगायला ह्या जगात तुझ्याशिवाय कोणी नाही. कारण ती तुझ्याच हातची करणी आहे.

घरात रंगकाम काढलंय. तुझ्या भावजयीचं फर्मान निघालं, सगळी कपाटं भिंतीपासून हलवा. बाबांचं कपाट सामानासकट हलेना, म्हणून एकेक खण ओढून काढला, आणि सगळ्यात खालचा, जो मी तेव्हापासून उघडला नव्हता, तोही काढावा लागला. त्यात काय आहे ते तुला वेगळं सांगायला नको. बाबांची रोमन नाणी. बाबा अंथरुणाला खिळलेले, मी परीक्षेच्या कामाला परगावी, आणि तू लिंबू, मीठ आणि देव जाणे काय काय घेऊन ती घासत बसलीस. ब्राँझवर शतकानुशतकं चढलेलं ते काळं-हिरवं पुट! त्याला नुसती सुई लावताना बाबा श्वास रोखायचे. सम्राटाचं नाक बाहेर काढायला त्यांना एक अख्खा हिवाळा लागायचा. तू एका दुपारी सगळ्यांची शर्टाची बटणं करून टाकलीस. चेहरे गेले, कडेची अक्षरं गेली, पिवळ्या धमक चकत्या तेवढ्या उरल्या. मी आलो, पाहिलं, आणि जे बोललो ते बोललो. त्यावर तू एवढंच म्हणालीस, "मुद्दाम केलं." झालं. ग्रंथ समाप्त.

तर तो खण उघडला. नाणी पुन्हा हिरवी झाली आहेत.

ह्यात नवल काहीच नाही. तांब्याच्या जातीच्या धातूला हवा लागली की वर्षा-दोन वर्षांत तो काळवंडतो, मग हिरवा पडतो. मीही एक चकती सहज उचलली, भिंग लावलं, उजेडाकडे कलती धरली.

ताई, नाण्यावर चेहरा होता.

धातू घासला गेला की गेला. केस छाटले म्हणजे वाढतात, नखं वाढतात; सम्राट वाढत नाहीत. मी प्रत्येक नाणं पाहिलं. मागच्या बाजू तू ठेवल्यास तशा कोऱ्याच आहेत. तराजू घेतलेली देवता नाही, ढाली टेकून उभे असलेले शिपाई नाहीत, छावणीची वेस नाही. कडेला अक्षर म्हणून नाही. फक्त समोरच्या बाजूला, त्या हिरव्या पुटातून, पाण्याखालून वर यावेत तसे चेहरे येताहेत. सगळ्यात मोठं नाणं तेवढं अजून सपाट आहे.

तेव्हा मनाला लागलेलं काढून टाक. तू बिघडवलं ते आपोआप दुरुस्त होतं आहे. हे सांगायलाच लिहिलं. उत्तर आलं तर आनंद, नाही आलं तर सवय आहे.

तुझा,
ढब्बू
(आता खरोखरच ढब्बू, येऊन बघशील तर पटेल.)


२९ ऑक्टोबर

ती. ताईस,

उत्तर नाही. असो. महिन्यातून एकदा तू तुझ्या भावजयीशी फोनवर बोलतेस हे मला माहीत नाही, असं आम्ही दोघांनी ठरवून ठेवलंय. तेव्हा पत्र पोचलं हेही मला माहीत नाही.

मी ती नाणी लावायला घेतली. बाबांच्या भाषेत लावणं म्हणजे नाण्यावरचा माणूस कोण ते ठरवणं. त्यांनी प्रत्येकाखाली ठेवलेल्या गोल चिठ्ठ्या अजून जागच्या जागी आहेत: अमुक सम्राट, टोकदार किरणांचा मुकुट, आखूड दाढी. त्या काळातल्या काही सम्राटांची कारकीर्द आमच्या प्राचार्यांपेक्षाही छोटी असायची, त्यामुळे मान किती जाड, दाढी ठिपक्यांची की रेघांची, कान मुकुटाच्या वर की खाली, ह्यावरच सगळं अनुमान. धुरावरून अग्नी.

चिठ्ठी आणि चेहरा जुळत नाही. एकाही ठिकाणी. दाढीवाल्याच्या चिठ्ठीवर गुळगुळीत हनुवटीचा इसम. सैनिकी मानेच्या सम्राटाच्या जागी अरुंद खांद्यांचा कोणी कारकून. मुकुट आहेत, पण डोक्यांच्या मापाचे नाहीत. उसने आणून घातल्यासारखे.

त्यातला एक हुबेहूब आपला केशकर्तनवाला. तीच दुहेरी हनुवटी, तेच नाकाच्या शेंड्यावर थांबलेलं हसू. मला इतकी गंमत वाटली की परवा केस कापायला गेलो तेव्हा त्याला सांगितलंच.

"महाराज, रोमच्या गादीवर आपण बसला होतात, पुरावा सापडलाय."

"काय सांगता! मग आता दाढीचे दर वाढवायला हरकत नाही."

"किती वर्षं राज्य केलंत ते अजून लागत नाही."

"लग्नाच्या आधी केलं असणार, साहेब. नंतर कसलं."

मी हसत आरशात वर पाहिलं. ताई, आरशात त्याचा चेहरा नव्हता.

म्हणजे होता. नाक होतं, डोळे होते, हसताना ओठ हलत होते. पण त्यांची बेरीज होईना. अक्षरं सुटी सुटी वाचता यावीत आणि शब्द लागू नये, तसं. पांढऱ्या डगल्यावर एक गुळगुळीत, हाताळून झिजलेली जागा, आणि तिथून त्याचा आवाज येत होता. मागे वळलो, तरी तेच. पैसे देऊन बाहेर आलो आणि चौकात उभा राहून त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला. लगेच आठवला. पण मुकुटासकट.

चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू काळजी करत नसशीलच. तरी करू नकोस.

तुझा,
ढब्बू


१६ नोव्हेंबर

ती. ताईस,

डोळे उत्तम आहेत असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते कसं ठरवलं ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी मास्क काढला तरी मला फारसा फरक पडला नाही. भिंतीवरच्या तक्त्याची मात्र सगळ्यात खालची ओळही मी घडाघडा म्हणून दाखवली. अक्षरांशी माझं भांडण कधीच नव्हतं.

वर्गात हजेरी घेतो तेव्हा 'हजर' कुठून आलं तेवढं बघतो. मुलं म्हणतात, सर प्रेमळ झाले, कोणाला नावाने रागावत नाहीत.

जे आज लिहायचं होतं ते टाळत मी पानभर आलो. तर ऐक.

बाबांचा तो जुना नाणेवाला आठवतो ना? खिशात भिंग घेऊनच जन्मलेला, बाबांशी तासन्‌तास एका सम्राटाच्या कानावरून वाद घालणारा. त्याला बोलावलं. म्हटलं, तिऱ्हाईत डोळ्यांनी बघा. मनात एक आशा होती की तो म्हणेल, अहो, कोऱ्या चकत्या कसल्या दाखवताय मला! म्हणजे दोष माझ्याच डोक्यात आहे असं ठरलं असतं. ती त्यातल्या त्यात बरी बातमी होती.

त्याने खण मांडीवर घेतला आणि एक मधल्या आकाराचं नाणं उचलून खिडकीशी गेला.

"राणीचं आहे," म्हणाला. "केसांची ठेवण बघा. मागे अंबाडा, कानावरून लाटा. ठेवणीवरून काळ लागतो. आमच्याकडे बायकांची नाणी केसांवरूनच लावतात, साहेब, चेहऱ्यावर कोण जातंय!" मग जरा वेळाने, "पण काम फार सुंदर आहे. कोणी साफ केलं?"

"कोणीच नाही. आपोआप आलं."

तो हसला. मी विनोदी माणूस आहे अशी आपली ख्याती आहेच. "ह्या बाईला मी कुठे तरी पाहिलंय," म्हणाला. "कुठल्या तरी कॅटलॉगमध्ये. भुवई अशी एक वर चढलेली... जरा खट्याळ..."

तेवढ्यात तुझी भावजय चहा घेऊन आली. "घ्या, आधी गरम गरम घ्या. ह्यांच्या नाण्यांना कुठे पाय आहेत पळून जायला!"

नाणेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या नाण्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि ह्या खेपेला बराच वेळ. त्याने ते नाणं खणात ठेवलं, पालथं. खण माझ्या मांडीवर दिला, रुमालाने बोटं पुसली, एकेक करून, सगळी.

"विकायचं असेल तर माझ्याकडे आणू नका," दारात एवढंच बोलला. "आणि वहिनींना दाखवू नका." चहा तसाच राहिला.

मी खुर्चीत बसून राहिलो. ती कपबशा उचलत होती. म्हणाली, "काय झालं त्यांना? आणि तुम्ही असे काय बघताय माझ्याकडे?"

मी बघत नव्हतो, ताई. मी शोधत होतो.

गेल्या आठवड्यापासून मी तिला पावलांवरून ओळखतो, खोकल्यावरून ओळखतो, चिडली की कपाटाचं दार ज्या पद्धतीने लावते त्यावरून ओळखतो. तिच्या खांद्यांच्या वर जे आहे ते मला लागत नाही. आणि भुवई वर चढवलेली, हसू दाबून धरलेली माझी बायको लख्ख दिसते कुठे, तर तळहातावर मावणाऱ्या हिरव्या चकतीवर.

भिंतीवरचा बाबांचा फोटो रंगकामासाठी उतरवला होता. तो परत लावताना सुलटा की उलटा तेच कळेना. कोटावरून लावला.

हे मी तुलाच का लिहितो आहे ते मला नीटसं माहीत नाही.

ढब्बू


२ डिसेंबर

ती. ताईस,

आज पाल्हाळ नाही.

मी विचार केला: चेहरे नाण्यांत जात असतील, तर नाण्यांतून परतही येत असतील. माणूस तर्कशास्त्र शिकतो ते अशाच दिवसांसाठी. नदीत टाकणं, वितळवणं, विकणं हे पर्याय बाद. आतल्या ऐवजासकट भांडं फेकल्यासारखं ते. राहता राहिलं एक. ते मी सुचवावं ह्याचं हसू तुला येईल. आलं तर येऊ दे.

केशकर्तनवाल्यापासून सुरुवात केली. तारेचा ब्रश आणला, लिंबू कापलं, दुपारच्या उजेडात खिडकीत बसलो आणि घासायला लागलो. पहिल्यांदा हनुवटी गेली, मग गाल, मग ते नाकावरचं हसू. हात भरून आला तेव्हा चकती कोरी पिवळी झाली होती. तसाच चप्पल घालून त्याच्या दुकानात गेलो.

तो होता! अख्खा! दुहेरी हनुवटीसकट! मला रडू कोसळायचंच बाकी होतं. मग पाहिलं, त्याच्या डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत बारीक बारीक लाल ओरखडे होते. एकमेकांना समांतर.

"हे काय?"

"काय कळत नाही, साहेब. गिऱ्हाइकाच्या दाढीला साबण लावत होतो आणि एकदम आग आग झाली. गिऱ्हाईक म्हणालं, चुकून स्वतःलाच कापून घेतलंस का."

मी घरी आलो. घाबरलो होतो, पण आशेने जास्त. म्हटलं, मऊ ब्रश घेऊ. दातांचा घेतला, नवा. तिचं नाणं हातात धरलं. ती आत स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती, गुणगुणत होती. मी अगदी हलकेच, कपाळाच्या कडेला, एकदाच फिरवला.

गुणगुणणं थांबलं. "अहो," ती म्हणाली, "जरा बघता का, कपाळाला काही चावलंय का माझ्या?"

मी गेलो. पाहिलं. म्हटलं, काही नाही.

खरं म्हणजे मला दिसलंच नाही. लाल काहीतरी होतं. कुठे आणि किती, ते सांगता येईना. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी, आणि मी तिच्याकडे बघतोय असं दाखवत उभा.

परत खिडकीत आलो आणि ब्रश उचलायला गेलो, तर हात उठेना. भीतीने नाही, किंवा नुसत्या भीतीने नाही. आता तिचं तोंड मला फक्त तिथेच दिसतं, ताई. तेच पुसायचं आणि ते परत येईल ह्यावर विसंबून राहायचं? केशकर्तनवाल्याच्या बाबतीत धाडस सोपं होतं.

रोज बसतो. खण मांडीवर घेतो. एकेकाला बघतो. वर्गातला पहिल्या बाकावरचा आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई आहेत. बाबा आहेत, मोठ्या मापाचे, पानांचा मुकुट घालून. तो त्यांना शोभतोही. सगळी माणसं मला तिथे स्पष्ट दिसतात. वाईट काय आहे सांगू? मला बरं वाटतं.

ढब्बू


९ डिसेंबर

ती. ताईस,

तुझा फोन झाला हे आता मला अधिकृतपणे माहीत आहे.

झालं असं की परवा जिन्यात तुझी भावजय भाजीच्या पिशव्या घेऊन समोर आली. मी पुढे होऊन पिशवी घेतली आणि म्हटलं, "किती वेळा सांगितलं, एवढं ओझं आणू नकोस, कंबर धरते मग आणि रात्रभर मला शेकायला लावतेस." तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "त्यांची पिशवी त्यांना द्या."

वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या त्या. ही आधी पोट धरधरून हसली. घरात आलो, तरी हसत होती. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. साडी तिने बदललेली होती, आणि ती काही बोलली नाही, खोकली नाही, हलली नाही. नुसती उभी राहिली. आणि मी चाचपडलो. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, पण सप्तपदीपासूनचा अनुभव आहे तिचा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मग मी सांगितलं. सगळं. खण दाखवला. ती स्वतःचं नाणं बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, किंचाळेल. म्हणाली, "असा अंबाडा मी आयुष्यात घातलेला नाही." आणि उठून सरळ तुला फोन लावला. मी समोर असताना. इतक्या वर्षांचा आमचा करार मोडून.

तिकडून तू काय बोललीस ते मला ऐकू येत नव्हतं. तिचं नुसतं 'हो', 'हो वन्सं', 'कपाळालाच', 'नाही, मी नाही रडत'. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "त्या विचारताहेत, आरशात स्वतः दिसता का?"

"दिसतो म्हणून सांग."

तिने तसं सांगितलं. तुला कळलंच. नाही दिसत, ताई. दाढी हाताने चाचपून करतो. मी एका लहान नाण्यावर आहे, खणाच्या कोपऱ्यात. सगळ्यांना मुकुट आहेत, मलाच नाही.

बाकीचं तिने मला संध्याकाळी सांगितलं. तुझ्याच शब्दांत सांगत होती, त्यामुळे मधूनमधून मला तू रागावल्यासारखं वाटत होतं.

शेवटच्या महिन्यांत बाबा तुला 'आपण कोण?' विचारायचे. डॉक्टर म्हणाले, वय. पण दिवसभर खण मांडीवर घेऊन ते खुशीत असायचे, एकेका नाण्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ही चिमणी. हा ढब्बू." चिमणी शेजारी औषधाचा चमचा घेऊन उभी! आणि एक दिवस त्यांनीच खण तुझ्याकडे सरकवला. "घास. माझा हात उठत नाही." तू म्हणालीस, बाबा, नाणी जातील. ते म्हणाले, "जाऊ देत. आपण कोण आहात ते मला माहीत नाही, पण तुम्ही ते कराल असं वाटतं."

तू ब्रश घेतला नाहीस. मीठ आणि लिंबू लावून नुसत्या अंगठ्याने, एकेक, बाबांना बोलतं ठेवून. स्वतःचं घासताना तुझा गाल पेटला. तो लाल गाल मी आल्यावर पाहिला होता. मला वाटलं, रडून झालाय, आणि झाला ते बरं झालं.

तुझं नाणं कोरं झालं तेव्हा बाबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "चिमणे, किती वाळलीस ग."

हे सांगून तुझी भावजय दिवा लावायला उठली.

मग तिला विचारलं, इतकी वर्षं ताई बोलली का नाही? तर तुझं उत्तर तयार होतं म्हणे: "त्याला सांगितलं असतं तर त्याने शास्त्राधार मागितला असता."

मागितला असता.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा खोलीबाहेर निघून गेली होतीस. मी त्या दिवशी खण हातात घेऊन ओरडत होतो ना, तेव्हा बाबा अंथरुणातून माझ्याकडे बघून हसत होते. तोंडभर. मी बोलतोय काय, चाललंय काय, आणि हे हसताहेत. मला वाटलं, संपलं, भान गेलं. तुझ्यावर आणखी चिडलो त्या हसण्यावरून.

ते मला बघत होते, ताई.

ढब्बू


१५ डिसेंबर

ती. ताईस,

हे पत्र तुला पोस्टाने मिळणार नाही. तुझी भावजय स्टेशनवर तुझ्या हातात देईल. मी येत नाही. फलाटावर शेकडो बायका उतरतील आणि मी सगळ्यांकडे सारख्याच आशेने बघत उभा राहीन, ते काही बरं दिसणार नाही. शिवाय मी घरी राहून खणावर लक्ष ठेवावं असं तिचं म्हणणं आहे. खणाने माझ्यावर ठेवू नये म्हणून तिने तो पलंगावर ठेवून खोलीला कुलूप घातलंय आणि किल्ली कमरेला खोचली आहे. ती तुझ्याशी फार दिवस फोनवर बोलत राहिली, त्याचा हा परिणाम.

येण्याआधी एक सांगायला हवं.

गेली इतकी वर्षं तुझा चेहरा माझ्याजवळ जसाच्या तसा होता. माणसं प्रेमाने जपतात म्हणे. मी रागाने जपला. दारात उभी, गाल लाल, ओठ आवळलेले, "मुद्दाम केलं" म्हणणारी. बाबा फोटोतून गेले, बायको समोरून गेली, तरी तू जागची हलली नव्हतीस. मला त्याचा आधारच वाटत होता.

तुझा फोन झाल्यानंतर त्या रागाचं काही करता येईना. मी तो आठवून पाहिला, पण तो लागेना. आणि दुसऱ्या दिवशी खणातल्या सगळ्यात मोठ्या नाण्यावर, जे आजवर हिरवं पण सपाट होतं, एक कड दिसली. जबड्याची. मग कान. काल दुपारी ओठ आले.

ते आवळलेले नाहीत. मला धक्का बसला तो त्याचा. नाण्यावरची बाई म्हातारी आहे, ताई. गळ्याला सुरकुत्या आहेत, डोळ्यांखाली थकवा आहे, केस मागे सैल बांधलेले आहेत, आणि ती कोणाचं तरी बोलणं संपायची वाट बघते आहे. तुला असं मी कधी पाहिलेलंच नाही. पण तुझ्या भावजयीला दाखवलं तर म्हणाली, "मागच्या वर्षी भेटल्या तेव्हा अश्शाच दिसत होत्या." तू मागच्या वर्षी तिला भेटलीस हेही मला अशा रीतीने कळलं. असो.

आज सकाळी मी दारात उभ्या असलेल्या त्या मुलीला आठवायला गेलो. दार आठवलं. लाल रंग आठवला. मध्ये कोणी नव्हतं.

तर क्रम असा ठरवला आहे. आधी माझ्या बायकोचं नाणं तू घास. ती समोर बसून बोलत राहील, त्याची चिंता नको. विषय कधीच कमी पडलेला नाही. मग बाबा, मग वर्गातली मुलं, मग वरच्या बाई. माझं राहिलं तरी चालेल, मला माझं फारसं काम पडत नाही. लिंबं आणून ठेवली आहेत. मीठ पाटावर आहे.

पण ते मोठं नाणं मी घासणार. हात उठला नाही तर तू माझं मनगट धर, पण अंगठा माझा. तुझा गाल झोंबेल. झोंबला की मला शिव्या दे, आणि थांबू नकोस. बाबांना तू बोलतं ठेवलंस, मला तू बोलून जागं ठेव. जे साठलं असेल ते सगळं, पहिल्या वर्षापासून. मी शास्त्राधार मागणार नाही.

पुट निघून पिवळं लागलं की मी वर बघेन. इतकी वर्षं मी कोणाशी बोलत नव्हतो, ते मला बघायचं आहे.

तुझा,
ढब्बू